आत्याचं दूध

नांदेड, १२ ऑगस्ट २००१

ती. आत्यास मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

शिवशंकरदादा, हे पत्र आत्याला सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

आत्या, दिवाळीत शेजारच्या सखुबाईंनी विचारलं, ‘आत्यानं तुला अंगावर पाजलं म्हणते, खरं का?’ तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की, मी शेळीच्या दुधावर वाढले. मूल न झालेल्या बाईला दूध कुठून येणार, असंही वर म्हटलं. तू उठून शेळ्यांकडे गेलीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

काल नर्सिंगच्या वर्गात बाईंनी शिकवलं. लेकरू ओढतं तशी मेंदूला वर्दी जाते, मग मेंदू अंगाला दूध करायला सांगतो. चार थेंब आले की लेकरू आणखी जोरानं ओढतं, वर्दी वाढते, दूधही वाढतं. पोट भरून लेकरू सोडेपर्यंत ही दोन्ही एकमेकांना वाढवत राहतात. बाळंत न झालेल्या बाईलाही असं दूध येऊ शकतं, असं बाई म्हणाल्या आणि माझं लिहिणंच थांबलं. आई गेली तेव्हा मी चार दिवसांची होते. आम्ही आज पुस्तकात वाचतो ते तू तेव्हाच करून बसलीस! केवढी गं तुझी जिद्द! मी शहाणपणा दाखवायला गेले आणि तुलाच खोटं पाडलं. मला माफ कर. यापुढे पत्रात तुला आई लिहू का?

राग उतरला असेल तर दोन ओळी धाड, नसेल तर रागाच्याच धाड.

तुझी मोहिनी

शिरड शहापूर, २० ऑगस्ट २००१

चि. मोहिनीस आत्याचे अ. उ. आ. मी सांगून राहिले, शिवशंकर लिहून राहिला.

माफी काहून मागतीस? आन् हे माझं डोकं न्हाई, आपल्या काळ्या शेळीचं. ती कधी व्याली न्हाई. पण मेलेल्या शेळीचं करडू ढुसण्या देऊ देऊ तिलाच लुचायचं. पंधरवड्यात सड ओले झाले. तू तर रडून रडून निळी पडायचीस. मग वाटीनं शेळीचं दूध पाजायचं आन् तुला छातीला लावायचं, रोज. अठराव्या दिवशी तुझ्या ओठावर पांढरं दिसलं. मी दार लावून रडले.

वांझ म्हणून सासरनं माघारी धाडलेली बाई मी, लोक हसले. हसण्याचंबी दुधासारखंच असतंय, एक हसला की दुसरा जोरानं हसतो. वीस वर्षांत मलाच वाटाया लागलं होतं की ते दूध म्या सपनात पाह्यलं असंल.

शिवशंकरनं तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सखुबाई आली तवा. बिचारी च्या न पिताच गेली.

आई लिहू नको. नऊ महिने जिनं वागवलं, तो शब्द तिचा. मी आत्याच बरी. फकस्त तुझ्या वहीचं ते दुधाचं लिहिलेलं पान धाड. मला वाचता येत न्हाई, पण हात लावून पाहीन.

येळेवर जेवत जा, आन् जीव लावलास तसा लावून ठेव.

पंचफुलाबाईचा अंगठा