माझ्याच नावाची चिठ्ठी

१ डिसेंबर, सोमवार
सकाळपाळी. वॉर्ड भरलेला, दोन जण खाली गादीवर. चहाच्या वेळी आमच्या इनचार्ज एल्सी सिस्टरनी यंदाही स्टीलचा डबा फिरवला. चौदा नर्सा, चौदा चिठ्ठ्या. जिचं नाव निघेल तिच्यासाठी चोवीस तारखेपर्यंत बारीकसारीक काही चांगलं करत राहायचं, तिला कळू न देता. चोवीसला केक कापताना सांगायचं. स्वतःचं नाव निघालं तर चिठ्ठी परत डब्यात.

माझं मलाच निघालं. परत टाकली नाही. टाकली असती तर दुसऱ्या कुणाला गेली असती आणि तिचं वाकडं झालेलं तोंड मला बघावं लागलं असतं. एप्रिलपासून पुष्कळ बघून झाली तोंडं. आत ट्रॉलीजवळ जाऊन चुरगाळली, बादलीत टाकली. सुटले.

पर्समध्ये आष्टीच्या आरोग्य केंद्रात बदलीचा अर्ज. सही सोडून सगळा भरलाय. मेट्रनकडे द्यायची मुदत २६, संध्याकाळी पाचपर्यंत. एक तारखेला तिकडे रुजू.

४ डिसेंबर
नाताळच्या झाडावर बर्फ म्हणून वॉर्डचाच कापूस लावत होत्या पोरी. ड्रेसिंगचा माल आहे, म्हटलं. काढून ठेवला त्यांनी. मग एका पेशंटच्या मुलाने सिंदीहून पिशवीभर कापूस आणून दिला, सरकीसकट. बर्फात सरकी. एल्सी सिस्टर म्हणाल्या, "छान दिसतोय, शालिनी, तुम्ही पण लावा." लावला नाही. का नाही लावला, कुणास ठाऊक.

आणखी एक. डुगडुगती खुर्ची नेहमी माझ्याच वाट्याला येते. आज बसले तर डुगडुगली नाही. पायाखाली पुठ्ठ्याची घडी, नीट कापून, सुतळीने बांधलेली.

कुणी केलं असेल? माझी चिठ्ठी तर माझ्याकडेच आली होती.

६ डिसेंबर
पहाटे विहारात जाऊन मग ड्यूटी. वंदनेत लक्ष नव्हतं, खुर्चीचा पाय डोक्यात. बाबासाहेबांसमोर उभं राहून खुर्चीचा विचार करणारी मीच.

दुपारी बघते तर माझा डबा घासून उपडा घातलेला. मी खरकटाच ठेवून राउंडला गेले होते.

९ डिसेंबर
आज वनिता समोर बसून नोंदी करत होती. आठ महिने झाले आमचं बोलणं बंद होऊन. पंधरा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. एप्रिलमध्ये तिने दोन पेशंटचं बीपी न मोजताच तक्त्यावर लिहिलं. डॉक्टरांनी मला विचारलं, मोजताना पाहिलं का. नाही म्हणाले. विचारलं म्हणून सांगितलं, आपणहून गेले नव्हते. पेशंटना काही झालं नाही. तिला मेमो मिळाला, ऑगस्टपर्यंतचे महिने दुसऱ्या वॉर्डात काढावे लागले. तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, "मला खोटं जमत नाही."

तेव्हापासून डबा एकटीने. माझं काय चुकलं? हे शंभरदा लिहून झालंय या वहीत. पुरे.

१२ डिसेंबर
वनिताने सासरहून, रोहण्याहून, तुरीच्या शेंगा आणल्या. दरवर्षी आणते, मीठ घालून उकडलेल्या आणि थोड्या कच्च्या, घरी न्यायला. सगळ्यांना वाटल्या. मी पेशंट घेऊन एक्स-रेला गेले होते. परत आले तर टेबलावर टरफलं. शेंगांवाचून अडत नाही कुणाचं.

१३ डिसेंबर
ड्रॉवरमध्ये डबी. उघडली तर सोले, तुरीचे ओले दाणे, हिरवेगार, एकही किडका नाही. पावभर तरी. एवढे सोलायला तासभर जातो, नखं काळी होतात.

शेंगा वनिताच्या. म्हणजे सोले वनिताचेच, दुसरं कोण? खुर्ची पण तीच. डबा पण तीच. मनातून कधीचं विरघळलंय आणि तोंडाने बोलवत नाही. तिचा स्वभाव मला माहीत नाही का.

सोल्यांची भाजी केली. चांगली झाली. खाताना रडू आलं, हे म्हणाले तिखट जास्त आहे का.

१५ डिसेंबर
परतफेड सुरू. वनिताचा डबा तिच्या नकळत गरम करून ठेवला. तिच्या अकरा नंबर खाटेवरच्या आजोबांना फिरवून आणलं. तिच्या पेनमध्ये नवी रिफिल. तिने मान वर केली नाही. नाटकी आहे.

१७ डिसेंबर
अर्जावर अजून सही नाही. हे आष्टीचेच, पण जायचं म्हटलं की कुरकुरतात. "तिथं जाऊन का करशीन? इथं बाया बोलत नाईत, तिथं का बिबट्या बोलीन तुह्याशी?" मी म्हटलं, बिबट्या निदान तोंड वाकडं करत नाही.

वॉर्डात वेगळीच गंमत. सफाईच्या सुमन मावशी वनितावर खार खाऊन आहेत. पोछा तिच्या पायावरून मारतात. चहा सगळ्यांना देऊन झाला की शेवटी तिला, तोही निवलेला. वनिताने विचारलं, "मावशी, काऊन मलेच थंडा?" मावशी म्हणाल्या, "थंडीचे दिवस हायेत, होते थंडा." मला जरा बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू.

२१ डिसेंबर
दोन रात्रपाळ्या झाल्या, तिसरी आज. काल आणि आज सकाळी घरी जाताना पाहिलं, पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या दवाने ओल्याचिंब, माझ्याच स्कूटीची सीट कोरडी. वनिता सातला येते. उद्या पावणेसातलाच खाली जाऊन तिला पकडणार. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय.

२२ डिसेंबर
वनिता नव्हती. सुमन मावशी होत्या, हातात फडकं.

मला बघून दचकल्या. मग सगळं निघालं. एक तारखेला पिवळ्या बादलीत माझ्या नावाची चिठ्ठी सापडली. "कागद पिवळ्यात टाकत नाईत म्हून मी काढून राह्यली होती, हातमोजे घालून. वरतेच होती, कोरडी. मले वाचता येते सिस्टर, चौथी झाली हाय माही. शालिनी, असं लिहेल. मले लय वाईट वाटलं. कोणी बाईनं तुमचं नाव फेकून देल्लं, सांगा. मंग म्हटलं, आपण करू."

मावशींचं नाव काही डब्यात नव्हतं. नर्सांचा खेळ तो.

"सोले?"
"शेंगा वनिता सिस्टरच्याच, मले भेटल्या होत्या. तुम्हाले नाई भेटल्या, म्हून सोलल्या. पण चिठ्ठी फेकली तिनंच. दुसरी कोण राहीन? एक डाव वाटलं तुमच्याच हातून पडली का काय, पण तुम्ही तर पिवळ्यात कागद टाकणाऱ्या नाई. तुम्हीच तर सर्वाईले झापता."

खरंय. मीच झापते. लाल, पिवळी, काळी, कुठल्या बादलीत कुठला कचरा, ते शिकाऊ मुलींकडून पाठ करून घेते. आणि त्या दिवशी जी समोर दिसली त्या बादलीत टाकली.

बोलायचं तेव्हाच होतं. "बरं" म्हणाले आणि गाडी काढली.

२३ डिसेंबर
सुट्टी. तीनदा ओटा पुसला. पलंगाखालचं सामान काढलं, परत ठेवलं. जेवण गेलं नाही.

गप्प बसले तर काय बिघडतं? एका मावशीचा राग एका सिस्टरवर. महिन्याभरात विरेल. मी आष्टीला. कुणाला काय कळणार.

पण वनिता न केलेल्या कामासाठी थंड चहा पिते आहे, आणि एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर काय म्हणाले होते मी? दुसऱ्याबद्दलचं खरं किती चटकन बोलले. विचारायचाच अवकाश होता. आता माझं आहे तर...

२४ डिसेंबर
सांगितलं.

केक कापला. एकेक उठून सांगत होती, हसणं चाललं होतं. माझी पाळी. "मला माझंच नाव आलं होतं. मी फेकून दिलं. पिवळ्या बादलीत." एकीने फिस्सकन हसून तोंडावर हात धरला. एल्सी सिस्टर म्हणाल्या, "पण का, शालिनी?" म्हटलं, "माझं नाव कुणाला नकोसं होईल, त्याची भीती वाटली." हे बोलणार नव्हते. निघून गेलं.

मग सुमन मावशींचं सांगितलं, पुठ्ठा, सोले, सीट. मावशी दाराशी प्लेटा घेऊन उभ्या. चेहरा असा झाला की मला जमिनीत जावंसं वाटलं. "म्हणजे कोणी फेकलंच नोतं? अन् मी त्या बिचारीले इतके दिवस थंडा चहा पाजला?" प्लेटा ठेवून निघून गेल्या.

वनिता शांतपणे म्हणाली, "माही चिठ्ठी तर एल्सी सिस्टरकडं निघाली. त्यायनं मले हातमोजे देल्ले, लोकरीचे. मंग डबा कोण गरम करून राह्यलं होतं?"
"मी."
"काऊन?"
"सोले तू ठेवलेस असं वाटलं."
"मी नाई ठेवले." मग म्हणाली, "शेंगा काढल्या होत्या तुह्यासाठी बाजूले. मंग परत टोपल्यात टाकल्या."

पुढचीचं नाव पुकारलं गेलं. मी केक खाल्ला.

२५ डिसेंबर
दुपारपाळी. एल्सी सिस्टर चर्चहून साडीतच वॉर्डात आल्या, पेशंटना केळी वाटली. सुमन मावशींना म्हणाल्या, पुढल्या वर्षी तुमची सगळ्यांची नावं पण टाकू. मावशी म्हणाल्या, "नका टाकू मॅडम, काम वाढते."

मी मावशींना हात लावून सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले नका म्हणू. तिले म्हणा." माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीखालचा पुठ्ठा मात्र होता. सकाळी फरशी पुसताना काढला असेल आणि परत लावला असेल. त्याशिवाय तो तिथे राहत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी वनिताला म्हटलं, "सॉरी. चहाचं." ती म्हणाली, "चहाचं ठीक हाय." बाकीचं ठीक आहे की नाही, ते बोलली नाही. मावशींनी आज तिला पहिला कप दिला, वाफाळता. मला दुसरा.

ड्यूटी संपताना औषधांच्या ट्रॉलीपाशी ती एकदम म्हणाली, गोळ्या मोजता मोजता, माझ्याकडे न बघता, "दोन तारखेची रात्र माही हाय. सासूले दाखवाले न्यायचं हाय नागपूरले. घेशीन का तू?"
दोन जानेवारी. एक तारखेपासून मी आष्टीला. अर्जाचं सगळ्या वॉर्डाला माहीत आहे, तिलाही.
"बघते," म्हटलं.
"पाहू नको. सांग."

ड्यूटी कधीच संपली, सव्वाचार झालेत. कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहिते आहे. अर्ज मांडीवर, सहीची जागा कोरी. बाहेर भिंतीवर ड्यूटीचा तक्ता. येताना बघितला, दोन तारखेसमोरचं वनिताचं नाव पेन्सिलने खोडलेलं आहे आणि त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. मेट्रनचं ऑफिस पाचपर्यंत. पेन हेच एक आहे माझ्याकडे, अर्जासाठी किंवा तक्त्यासाठी.