आईला दाखवलेला समुद्र

१२ जाने., औरंगाबाद
भूजल खात्यातून रजा मंजूर. आईला समुद्र बघायचाय. माझा भाऊ सुहास गेल्यापासून तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. कशासाठी, ते विचारलं नाही. हरिहरेश्वर ठरवलं. तिथले काळे खडक मलाही बघायचे होते.

१७ जाने., हरिहरेश्वर
ओहोटीला खडकांवर उतरलो. लाव्ह्याचे थर लाटांनी सपाट कापलेले. कड्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं.
"दगड तर आपल्या दौलताबादचाच दिसतोय," आई. बरोबर. लाव्हा तोच.
"मग भोकं कशानं पडली?"
सांगितलं: खारं पाणी आत मुरतं, सुकतं, मीठ फुगतं, दगड कणाकणानं सुटतो.
तिनं बोट बुडवून चाटलं. "लई खारट. वरणाला जास्तच व्हईल." हसली. किती दिवसांनी.

मग पदर खोचून पाण्याच्या कडेला बसली. पिशवीतून बेसनाचा लाडू काढला, लाटेत सोडला. "खा रे सुहास. लई लांबून आलास."
तिनं वळून पाहिलं.
"पैठणला सोडल्या व्हत्या ना त्याच्या अस्थी? गंगा शेवटी समुद्रालाच येती नव्हं?"
गंगा म्हणजे आमची गोदावरी. ती पूर्वेला जाते, पार आंध्र ओलांडून. तिचा समुद्र दुसरा. शाळेच्या नकाशातही आहे.
"समुद्रालाच," म्हणाले. चूक नाही. पण...
भरती चढायला लागली. "ऊठ आई."
"थांब की जरा. आत्ता कुठं भेटलाय."

१८ जाने., परतीची बस
घाट चढल्यावर ओढ्यांची तोंडं पूर्वेकडे वळलेली. दाखवता आलं असतं. आई झोपली होती. बरं झालं.

२३ जाने., घर
आई दोन्ही वेळा जेवते आता. छावणी भागातून तिची मैत्रीण रझिया खाला आल्या होत्या. आईनं सगळं रंगवून सांगितलं. खालांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "बहुत बडा काम किया बेटी." मी चहा टाकायला उठले.
त्या गेल्यावर आई म्हणाली, "लोकांना जमिनीतलं पाणी दाखवतीस तू. मला एवढं सांग, पैठणहून निघाल्यावर तो कोणत्या कोणत्या गावावरून गेला असंल? नांदेड लागतं का?"
"लागतं."
"अन् त्याच्या पुढं?"