ओटिसच्या नावावरचा उन्हाळा

३ मार्च, सोमवार
अमेरिकेहून मेल. क्लॅरेन्सच्या जुन्या बेसबॉल संघातल्या सगळ्यांची नावं त्यांच्या गावी एका भिंतीवर कोरणार आहेत. यादीत क्लॅरेन्स नाहीत. ३१ तारखेपर्यंत पुरावा द्या म्हणे, पेपरचं कात्रण वगैरे. क्लॅरेन्सना वाचून दाखवलं तर म्हातारा उखडला. "गोऱ्यांचे पेपर आमच्या मॅचेस छापायचेच नाहीत. आता कात्रण मागतात!"
वय अठ्ठ्याऐंशी. सगळा काळ्यांचा संघ, पगारी. हॉटेलात खोली द्यायचे नाहीत म्हणून बसमध्ये झोपायचे. पुढे इथे, किवींच्या देशात, सॉफ्टबॉल शिकवायला आले ते राहिलेच. आमच्या अवोन्डेलच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मात्र ते फक्त चहात चार चमचे साखर मागणारे. मी केअरगिव्हर. मला काय पडलंय? पण पडलंय खरं.

९ मार्च, रवि.
सुट्टी. बाजारातून मेथी आणली, निवडता निवडता टौरंगाला डीनला फोन केला. क्लॅरेन्सचा मुलगा. "गराजमध्ये हीप्स ऑफ जंक आहे, बघतो." बघतो म्हणजे बघणार नाही. पुन्हा करीन.

१५ मार्च, शनि.
डीन चक्क आला! संघाचं स्कोअरबुक घेऊन. क्लॅरेन्स एकोणीस वर्षांचे होते त्या उन्हाळ्याचं. मी नाचायचंच बाकी होतं. पानामागून पान उलटलं. त्यांचं नाव कुठेच नाही. पिचर म्हणून, म्हणजे बॉल टाकणारा म्हणून, प्रत्येक मॅचला एकच नाव, ओटिस.
डीन निघून गेला. मग क्लॅरेन्स बोलले. ओटिस संघाचा स्टार, गावोगावी त्याच्या नावाची पोस्टरं लागलेली. त्याचा खांदा गेला. मालक म्हणाला, पोरा, त्याचा शर्ट घाल. संघातला यांचा तो एकच उन्हाळा, तो सबंध हे ओटिस म्हणून खेळले.
"कुणी ओळखलं नाही?"
"गोऱ्यांना आम्ही सगळे सारखेच दिसायचो. आमच्या लोकांनी ओळखलं. कुणी बोललं नाही."
ओटिस बाकावर बसून यांना शिकवायचा. भिंतीवर त्याचं नाव पक्कं झालंय, यांच्याच विजयांवर.

१६ मार्च
झोप नाही. स्टुडंट व्हिसावर कामाच्या परवानगीचे तास संपले होते तेव्हा टौरंगाच्या पॅकहाऊसमध्ये मी दोन महिने मैत्रिणीच्या, स्नेहलच्या कार्डवर खोक्यांत किवी भरले. बेस्ट पॅकर म्हणून बोर्डावर स्नेहलचं नाव लागलं. मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. लाज वाटते, आणि अजून रागही येतो.

२२ मार्च, शनि.
सगळं खरं लिहून मेल तयार केला, स्कोअरबुकचे फोटो जोडले. क्लॅरेन्स म्हणाले, थांब. भिंत बघायला ओटिसची नात येणार आहे. तिला काय सांगायचं?
मी भांडले. तो गेला, तुम्ही आहात!
"किती दिवस?"
मेल न पाठवता ड्राफ्टमध्ये ठेवला.

२९ मार्च
क्लॅरेन्सच्या छातीत कफ भरलाय. डॉक्टर डीनशी बाहेर जाऊन बोलले, म्हणजे समजायचं ते मी समजले. डीन तासभर बसला, जॅकेटही न काढता. क्लॅरेन्स त्याला दोनदा "ओटिस" म्हणाले. डीनने हात सोडवून घेतला. मला त्याचाच राग आला, मग स्वतःचा. स्कोअरबुक काढायला लावलं मीच ना. नाव नाही हे त्यांनी एवढी वर्षं मनात गाडून टाकलं होतं, मी उकरून...

१ एप्रिल, मंगळ.
सकाळची ड्यूटी. अमेरिकेत अजून ३१च आहे, दुपार.
सातला क्लॅरेन्सनी डोळे उघडले, एकदम स्वच्छ. "पाठवलंस?" त्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हटलं. तोंड भिंतीकडे केलं. "म्हणजे ओटिसला पुसलं आपण." क्लॅरेन्स रडले.
तासाभराने पुन्हा, मधलं काहीच आठवत नसल्यासारखं. "पाठवलंस?" या वेळी नाही म्हटलं. तरीही रडले.
आता नऊ वाजलेत. तिकडचं ऑफिस बंद व्हायला दोन तास आहेत. मेल तसाच पडलाय आणि मला त्यांच्या खोलीत औषध घेऊन जायचंय.