मस्कतच्या मैदानात विचारलेला प्रश्न

आये,

गेल्या वर्षी मी मस्कतला जाऊन फुटबॉलचा सामना बघून आले. तू असतीस तर का गेलीस, कशी गेलीस, काही विचारलं नसतंस. तू कुणालाच कधी काही विचारलं नाहीस, आणि त्याच एका गोष्टीवरून मी तुझ्याशी आजवर मनातल्या मनात भांडत आले आहे. म्हणून हे लिहायला बसले.

बाबा ट्रंक घेऊन घरी आले त्या दिवसापासून हे भांडण आहे. मी चौथीत होते. माघ महिना, आगबोटींचा ऐन हंगाम. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटीवर बाबा खलाशी, त्यामुळे पावसाळ्याखेरीज ते घरी दिसायचे नाहीत. त्या दुपारी मात्र ते डोक्यावर ट्रंक घेऊन बांधावरून चालत येताना दिसले. तू पाट्यावर वाटप वाटत होतीस. उठलीस, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा त्यांच्यापुढे ठेवलास आणि पुन्हा वाटायला बसलीस. मी विचारलं, "बाबा परत कधी जातले?" तू मान वर न करता म्हणालीस, "घराक इलेल्या माणसाक पाणी देतत गो, प्रश्न नाय." मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्याच हाताचा धपाटा पाठीत बसला, आणि झंपरावर तुझी पाचही बोटं हळदीची उठली.

बाबा परत गेलेच नाहीत. ट्रंक माळ्यावर गेली. ते मागच्या पडवीत बसून काथ्याचे दोर वळू लागले. मी कॉलेज शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन सासरी गेले, तरी ते वळतच होते. कॉलेजच्या वसतिगृहात जाताना वळकटी बांधायला तू मला त्यांनीच वळलेला एक दोर दिलास. मुली हसल्या, पण तो दोर माझ्या लग्नानंतरही टिकला. बोटीवर काय झालं होतं? कुणाशी मारामारी, चोरीचा आळ, की काही आजार? त्यांनी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. ते वारल्यावर एकदा मी तुला सरळ विचारलं. तू तांदूळ निवडत होतीस. "माका ता जाणान काय करूचा होता?" एवढंच म्हणालीस. मला तुझा संताप आला. माणूस आपल्याच घरात बसून काहीतरी गिळत राहतो आणि त्याला कुणी साधं 'काय झालं' असं म्हणत नाही, याला माया म्हणायला मी तयार नव्हते. ती भीती आहे, असं मी ठरवून टाकलं. आणि मी उलट्या टोकाला गेले. शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, आणि जे दिसेल ते विचारलं. मुलं मागून मला 'प्रश्नपत्रिका' म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि त्याचं वाईट वाटत नसे.

तू गेलीस तेव्हा तुझा नातू दुसरीत होता. पुढे तो शिकला आणि मस्कतला एका बांधकाम कंपनीच्या कोठारावर नोकरीला लागला. लग्न करून बायकोलाही तिकडे घेऊन गेला. त्याचे वडील वारल्यापासून मी घरात एकटीच. कित्येक वर्षं तो फोनवर म्हणायचा, "पुढच्या वर्षी ये." त्या डिसेंबरात मात्र एकदम म्हणाला, "आई, आता ये. जानेवारीत आखाती देशांची फुटबॉल स्पर्धा आसा, हयच. सगळा शहर सजतला."

"माका फुटबॉलातला काय कळता?"

"कळूक कित्याक व्हया? बगूक ये."

मी गेले. मस्कत नीटनेटकं शहर आहे. घरं पांढरी, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, आणि मागे डोंगर असे की गवताची एक काडी नाही. आंबोलीचा घाट पाहिलेल्या माणसाला ते डोंगर आजारी वाटतात. सून मला मासळी बाजारात घेऊन गेली. इसवण म्हणजे सुरमई, बांगडे, सगळं आपल्यासारखंच, पण विकायला बसलेले सगळे पुरुष, आणि तेही शांतपणे. मी म्हटलं, "ह्यांका मालवणच्या बाजारात बसव, दोन घटकेत पळतले." मोठ्यानेच म्हटलं. परमुलखात मालवणी बोलण्याचं हे सुख असतं, कुणाविषयी काहीही बोला, कुणाला कळायचं भय नाही. निदान मला तसं वाटत होतं.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. मुलगा सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि चार वाजता घरी. म्हणे स्पर्धेमुळे ऑफिस लवकर सुटतं. सामन्याची तिकिटं त्याने सकाळपासून रांगेत उभं राहून आणली, तीही कामाच्या दिवशी. मुख्य म्हणजे त्याचा फोन वाजत नव्हता. पूर्वी माझ्याशी बोलताना त्याला दर मिनिटाला दुसरा फोन यायचा, सिमेंट आलं नाही, सळ्या कमी पडल्या. आता तो फोन टेबलावर उताणा पडलेला. शाळेत एक गोष्ट मी शिकले होते. ज्याने गृहपाठ केलेला नसतो तो मुलगा वह्यांचा गठ्ठा उचलायला सगळ्यांच्या आधी पुढे येतो. माझा मुलगा मला तसाच सगळीकडे फिरवत होता, दिसेल ती पिशवी हातातून घेत होता.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात सुनेला गाठलं. ती खोबरं खवत होती. "त्याचा फोन बिघडलाय काय गो?" ती खवत राहिली. "असेल, आई." मी म्हटलं, "आणि तू सुरमई सोडून रोज स्वस्त बांगडे आणतेस ते?" तिने खवलेलं खोबरं उगाच पुन्हा एकत्र केलं. "तुम्ही मॅच बघून या ना, आई. त्याला तुम्हाला दाखवायची आहे." तिच्या त्या हातांकडे बघून मला पाट्यावरचे तुझे हात आठवले आणि माझं डोकं फिरलं. पुन्हा एका घरात एक माणूस गिळतोय आणि एक बाई गप्प राहून रांधतेय. मी ठरवलं, या वेळी विचारायचंच. घरात नको, सुनेसमोर त्याचा पाणउतारा नको. मैदानात विचारू. एवढ्या कल्लोळात कुणाला ऐकू येणार नाही, आलं तरी कळणार नाही, आणि सामना सोडून त्याला उठूनही जाता येणार नाही.

शेवटचा सामना होता. यजमान ओमानचा संघ खेळत होता, त्यामुळे सगळं शहर झेंडे लावून रस्त्यावर आलं होतं. संध्याकाळी आम्ही मैदानात जाऊन बसलो. माझ्या पुढच्या ओळीत एक भरदार गृहस्थ नेमका माझ्या डोळ्यांसमोर. मी मुलाला म्हटलं, "ह्येका सांग, टक्कल वायच बाजूक कर. माका गोल दिसना नाय." मुलगा गडबडला. "आई, हळू." खेळ लांबतच गेला. इकडून गोल नाही, तिकडून नाही, जादा वेळ दिला तरी नाही. मग निकाल लावायला एकेका खेळाडूने येऊन चेंडू मारायचा आणि समोर गोलरक्षकाने एकट्याने तो अडवायचा, असं ठरलं. लोक उभे राहिले. ढोल, भोंगे, माझ्या छातीत आवाज घुमत होता. मी मुलाकडे वळून म्हटलं, "तुझी नोकरी गेली मा?"

"काय?"

"नोकरी! तुझी नोकरी!"

"आयकूक येना नाय गो!"

शाळेच्या व्हरांड्यातून विहिरीपर्यंत पोचणारा आवाज मी काढला. "तुझी नोकरी गेली मा रे?"

आणि नेमक्या त्याच क्षणी मैदानातल्या खेळाडूने चेंडू जागेवर ठेवला आणि हजारो माणसं एकदम गप्प झाली. माझा प्रश्न तेवढा हवेत राहिला. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. पुढच्या ओळीतलं टक्कल सावकाश मागे वळलं. चांगला मिशाळ, पन्नाशीचा माणूस.

"बाई," तो म्हणाला, "माजी पण गेली. ऑक्टोबरात. आणि ह्या टक्कल पण माजाच. सरकतंय वायच."

त्याच्या बाजूचे दोघे-तिघे हसले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. आये, आयुष्यात मी कधी इतकी ओशाळले नव्हते. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, खांदे हलत होते. मग ते हसणं कधी थांबलं आणि खांदे तसेच हलत राहिले, ते मला नीट कळलं नाही. तेवढ्यात चेंडू जाळ्यात गेला, गर्जना उठली, आणि त्या गर्जनेत तो माझ्या कानाशी वाकला.

"व्हय गो. नोव्हेंबरात काढल्यानी. कामाच बंद पडली. फेब्रुवारीत परत जावचा लागतला. त्याच्या आत तुका ह्या सगळा एकदा दाखवचा होता. तुका कोणी सांगितला?"

"तुझ्या फोनान."

पुढच्या गृहस्थाने भाजक्या चण्यांची पुडी मागे केली. तो वेंगुर्ल्याकडचा, बांधकामावर मुकादम होता. "खावा बाई. फुटबॉल बगूक पगार लागना नाय." मग मुलाकडे बघून म्हणाला, "तू सुटलंस रे. मी घरी अजून सांगूक नाय. माज्या आयेक पण आणूक व्हयी होती." ओमान जिंकलं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, एका म्हाताऱ्या अरबाने माझ्या मांडीवर आपला झेंडा पसरला. मी मुठीत चणे धरून बसून राहिले. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न तयार असणं ही माझी जन्माची सवय. त्या दिवशी तो नव्हता. घरी पोचलो तर सून दारात उभी. तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसत आत गेली. मी तिच्यामागे गेले आणि म्हटलं, "फेब्रुवारीत सगळे मिळून जाऊया." तिने ताटं वाढली.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. दोघंही इथे माझ्याजवळ आहेत. तो रोज मोटारसायकलने मालवणला जातो, चुलतभाऊ पर्यटकांना होडीतून किल्ला दाखवायला नेतो त्याच्याकडे तिकिटं फाडतो, दुपारी जेवायला येतो. गावात लोक विचारतात, मी जे आहे ते सांगते. मला त्यात लाज नाही. आता दोह्याच्या एका कंपनीने त्याला मुलाखतीला मुंबईला बोलावलंय. काल तो ओसरीवर शर्टाला इस्त्री करत होता, आणि त्याच्याकडे बघताना मला एकाएकी एक गोष्ट आठवली, जी इतक्या वर्षांत एकदाही आठवली नव्हती.

बाबा परत आले त्यानंतर थोड्याच दिवसांत आंगणेवाडीची जत्रा होती. जत्रेच्या दिवसांत बोटी माणसांनी भरलेल्या, त्यामुळे बाबांना ती कधी मिळायचीच नाही. तू दरवर्षी शेजारणींबरोबर जायचीस आणि देवीपुढे उभी राहून लगेच परतायचीस. त्या वर्षी आपण तिघं बैलगाडीने गेलो. तू हिरव्या बांगड्या भरून घेतल्यास. रस्त्यात खाजा खाल्लास, बोटांना लागलेला गूळ चाटलास, आणि बाबा काहीतरी म्हणाले त्यावर इतकी हसलीस की गाडीवान मागे वळून बघू लागला. परतताना तू त्यांच्या खांद्याला टेकून झोपून गेलीस. नोकरी सुटलेल्या माणसाची बायको कशी दिसते ते मी पुढे शाळेत पुष्कळदा पाहिलं. फी माफ करा म्हणायला यायच्या. तू तशी दिसत नव्हतीस.

आणि मी तुला आजवर भित्री समजत आले.

मैदानात तो "व्हय गो" म्हणाला तेव्हा काळजी नंतर आली, त्याच्या अपमानाचं दुःख त्याच्याही नंतर. सगळ्यांत आधी मला आनंद झाला. झील, माझा मुलगा, घरी येणार. चणे मुठीत धरून मी तोच आनंद लपवत बसले होते, आणि पुढचा प्रश्न सुचला नाही तो त्यामुळेच. हे मी त्याला सांगितलेलं नाही, सुनेलाही नाही. हा कागद तो निघण्याआधी फाडून टाकीन, कारण माझं टेबल आवरायची त्याला खोड आहे.

परवा तो मुंबईची गाडी पकडेल. आज जेवताना त्याने विचारलं, "आई, मिळात मा नोकरी?" मी म्हटलं, "मिळात रे, मिळाची नाय कित्याक?" त्याला बरं वाटलं, भात मागून घेतलान.

मिळू नये असं मला वाटतं, आये.