जेवल्यावरची गोळी

सोमवार, ३ नोव्हेंबर

ऑपरेशन झालंच नाही. ठमीच्या पित्ताच्या पिशवीत खडे, ती पिशवी काढायची होती. टेबलावर घ्यायच्या आधीच बीपी खाली गेलं, घाम फुटला. भुलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज नको.

तिच्याजवळ सून थांबली, समीक्षा. बायकांच्या वॉर्डात मला, नवऱ्याला, थांबता येत नाही. पेणहून घरी गडबला एकटा आलो. चूल पेटवली नाही – एकट्यासाठी कसली.

मंगळवार, ४

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, सांध्यांची गोळी कधी चुकली का?"

ठमी म्हणाली, "एकच दिवस. मीच इसरली."

समीक्षा करवादली, "आई, एवढी एक गोळी सांभाळता येत नाय?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा.

खरं इथं लिहितो. तिचे सांधे धरले तेव्हापासून, नऊ वर्षं, ती बारकी पांढरी गोळी मीच देतो. पाकिटावर दुकानदाराने लिहिलंय – जेवल्यावर. मी शाळेत गेलो नाही, एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकलो. लिहिलेलं म्हणजे मला दगडावरची रेघ. गेल्या आठवड्यात तिच्या पोटात पेजही टिकेना. जेवणच नाही तर जेवल्यावरची गोळी कशी देणार? पाच दिवस दिली नाही. ऑपरेशनला तर 'उपाशी या' म्हणाले, मग प्रश्नच मिटला.

तिने माझं नाव घेतलं नाही. तशी ती कधीच घेत नाही. पण आजचं न घेणं वेगळं.

बुधवार, ५

शेजारचा केरू बांधावरून म्हणाला, "दादा, वयनी कशी हाय?" बरी, म्हटलं. दिवसभरात बोललो ते एवढंच.

गुरुवार, ६

रोह्याहून प्रविणचा फोन, शिफ्ट सुटल्यावर. "बाबा, एका गोळीनं असं होत नाय, डॉक्टर बोलतात. हृदयाचं काहीतरी असंल. मुंबईला न्यायला सांगतायत."

तिला ताप येतोय. पिशवी सुजलीय. मुंबईत नुसत्या तपासण्यांत किती दिवस जातील? एक दिवस की पाच, यावर तिचा जीव टांगलेला, आणि पाच हे माहीत असलेली माणसं दोनच. एक बोलणार नाही. दुसरा मी.

शुक्रवार, ७

पहिल्या एसटीने पेण. बाईंना व्हरांड्यात गाठलं. "बाई, एक नाय, पाच दिवस. आणि ती नाय, मी."

रागावतील वाटलं. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाल्या, "आजोबा, ते स्टिरॉइड आहे. इतकी वर्षं बाहेरून मिळालं, शरीर स्वतः बनवायचं विसरलं. एकदम बंद केलं की बीपी असंच पडतं."

"म्हंजे विहीर बुजली, टँकरवर चाललंय."

"तसंच. आणि ऑपरेशन म्हणजे घरात लग्न, पाणी जास्तच लागणार. ते आम्ही सलाईनमधून देऊ. पण जेवण असो नसो, ही चुकवायची नाही. पोटात टिकली नाही तर लगेच इकडे यायचं."

हृदय इथंच तपासलं. चांगलं निघालं. मुंबई रद्द.

समीक्षाने सगळं ऐकलं. माझ्याकडे न बघता आत जाऊन ठमीची चादर सारखी केली. ते जास्त लागलं. ठमी तेवढी कुजबुजली, "कशाला बोललाव? माझ्यावर खपलं असतं."

सोमवार, १०

पिशवी निघाली. बीपी जाग्यावर. खडे बाटलीत दाखवले – वालाएवढे.

गुरुवार, १३

ठमीला रोह्याला नेलं, प्रविणकडे. "बाबा, आईंच्या गोळ्या आता मी बघीन," समीक्षा म्हणाली, आणि पाकीट माझ्या हातातून घेतलं. बरोबरच आहे तिचं. तुम्हीपण चला म्हणाली. भात झोडायचं पडलंय, कसा जाऊ?

शुक्रवार, १४

सकाळी आठला सवयीने पाण्याचा पेला भरला. मग मीच प्यायलो.

शनिवार, १५

समीक्षाचा फोन. "बाबा, आई गोळी हातात धरून बसल्यात. घेत नायत. तुम्हीच बोला."

मग ठमी. "मी भाकर खाल्ली. तुमी जेवलाव?"

नाही, म्हटलं.

"मंग मी पण गोळी नाय घेत. पाकिटावर जेवल्यावर लिवलंय. कोणी जेवल्यावर, ते कुठं लिवलंय?"

फोन कानाला तसाच धरून कालचा भात काढला.