मावशीचा मामा

१२ ऑगस्ट
चिमणीला वॉर्डाबाहेर काढलं! भरतीच्या कागदावर तिनं 'रुग्णाशी नाते : मावसबहीण' लिहिलं. गेल्या महिन्यात तपासणीच्या कागदावर मी लिहिलं होतं – मामेबहीण. खिडकीतल्या कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, महिन्याभरात मावशीचा मामा झाला, की तुम्ही मला मामा बनवताय?"

अपंग रुग्णापाशी फक्त नातेवाईक थांबू शकतो म्हणे. चिमणी – उंची पावणेसहा फूट, म्हणून चिमणी – निमूट पिशवी उचलून गेली. एकोणतीस वर्षं एका घरात, एका ताटात. शनिवारी माझ्या खुब्याचं ऑपरेशन. आणि ती फाटकाबाहेर!

१३ ऑगस्ट
दोघी नर्सनी मला पोत्यासारखं चाकाच्या खुर्चीतून पलंगावर टाकलं. चिमणी आधी डावा गुडघा धरते, मग 'हं' म्हणते, मग उचलते. तो 'हं' यांना कसा शिकवू?

दिवसभर मनात तिच्यावरच डाफरत होते. संध्याकाळी कबूल केलं – चूक माझी. मावसबहीण हे आमचं ठरलेलं होतं. शाळेत खोटं बोललं की कॉन्व्हेंटच्या सिस्टर पट्टी मारायच्या, पण खोटं लक्षात कसं ठेवायचं ते त्यांनी कधी शिकवलं नाही. आणि मी तीस वर्षं ऑफिसात लोकांचे चुकलेले फॉर्म त्यांच्या तोंडावर मारले!

१४ ऑगस्ट
चिमणीनं आमच्या अपंगांच्या संस्थेतल्या 'खटखट'ला पाठवलं. पंचविशीची पोर, दोन कुबड्या. अपंग असून समलिंगी किंवा ट्रान्स असलेल्यांसाठी भांडते. मागच्या वर्षी तिनं दिलेलं पत्रक मी लाल शाईनं शुद्ध करून परत पाठवलं होतं. तिनं ते भिंतीवर लावलंय म्हणे. मेली!

तिनं कारकुनाला त्याचीच नियमांची वही उघडायला लावली. त्यात स्वच्छ लिहिलंय – नातेवाईक किंवा रुग्णानं सही करून नेमलेली व्यक्ती. नवा कागद माझ्यापुढे आला. नात्याच्या रकान्यावर मी अडले.

"आजी, खरं लिहा. खरं पाठ करावं लागत नाही."

लिहिलं – जोडीदार. अक्षर कॉन्व्हेंटचंच. कारकुनानं तो शब्द बराच वेळ वाचला. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. वाया गेलं. त्यानं गुपचूप शिक्का मारला.

१५ ऑगस्ट
सकाळी सात वाजता – 'हं'. आभार मानायची मला सवय नाही. पण पांघरुणात तोंड खुपसून मानले. चिमणीचे, त्या पोरीचे, लाल शाईचेसुद्धा.

१९ ऑगस्ट
ऑपरेशन छान झालं. चिमणी लगेच माझ्यावर ओरडायला लागली, म्हणजे काळजी मिटली.

२१ ऑगस्ट
चिमणी चहा आणायला गेलेली पाहून कारकून आत आला. खाली बघत खटखटचा नंबर मागितला. कुणासाठी, विचारलं.

"मावसभावासाठी. त्याला दिसत नाही. आम्ही एकत्र राहतो."

सुवाच्य अक्षरात लिहून दिला. मावशीचं नाव विचारलं नाही.