जोड नसलेले मोजे

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तक्रार गंभीर आहे, चष्मा लावून वाच. माझी बॅग भरताना तू मोज्यांचे सहा जोड ठेवलेस. त्यांतला एकही जोड नाही. ते बारा स्वतंत्र वृत्तीचे मोजे आहेत. आपला मोज्यांचा कारखाना, मी त्याचा फिरता विक्रेता आणि घराण्याची रीत अशी, की चांगला माल गिऱ्हाइकाला, नापास माल घरच्यांच्या पायांत. वडिलांची शिस्त म्हणून आजवर निमूट सोसली. काल मात्र अब्रू गेली.

तुझं काम केलं. ठकी कारखाना नाकारून इमारती बांधायला निघाली, तेव्हा तिच्या इमारतीत पाऊल टाकणार नाही असं तू जाहीर केलंस. दोन वर्षं लेकीशी बोलली नाहीस. आणि आता तिनं बांधलेली मशीद कशी झालीये ते गुपचूप बघून ये, तिला कळता कामा नये, असा मला हुकूम! हेरगिरीला निघालो.

औषधाचं दुकान आणि लाँड्री यांच्यामध्ये ती उभी आहे. घुमट शोधत मी दोनदा पुढे गेलो. घुमट नाहीच. फिकट विटांची साधी इमारत, मी वाचनालय समजलो होतो. नमाजाची वेळ टाळली, फोन बंद केला आणि आत येऊ का म्हणून विचारलं. दाराशी पांढऱ्या दाढीचे रखवालदार होते. ते म्हणाले, त्यात विचारायचं काय, या. मी बूट काढले आणि डाव्या पायाचा अंगठा मोज्यातून जगाला सामोरा गेला. नेमका त्याच वेळी त्यांनी माझा धंदा विचारला. मोजे विकतो म्हणालो. त्यांनी अंगठ्याकडे इतक्या सभ्यपणे दुर्लक्ष केलं, की मी आणखीच ओशाळलो. मग आपल्या कपाटातला धुतलेला करडा जोड आणून हातात ठेवला आणि सवडीनं परत करा म्हणाले. जोड, ताई! दोन्ही सारखे.

आत एकही खांब नाही. समोरच्या भिंतीच्या माथ्यावरून उजेड हळूच गालिच्यावर उतरतो. बायकांची जागाही त्याच उजेडात आहे, मागच्या कोंदट खोलीत नाही. मी शेवटी भिंतीशी टेकून बसलो. विक्रीची फेरी विसरून अर्धा तास तिथंच राहिलो, यावरून काय ते समज. पोरीनं काम फक्कड केलंय.

हो, दाराशी बूट काढायला लाकडी बाक आहे. नेहमीच्या बाकापेक्षा उंच, टोकाला धरायला दांडा. असा का, ते विचारायचं राहिलं.

लोभ आहेच, तो निदान जोडीनं पाठव.

तुझा,
बाबू

ता. ९ फेब्रुवारी

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

पायाची नखं कापली असतीस तर मोजा फाटला नसता. कारखान्याला नावं ठेवू नकोस. परवा मालाच्या खोलीत तुझे भावोजी तुझं पत्र मोठ्यानं वाचून हसत होते. त्यांना माल मोजायला बसवलाय.

दुसऱ्यांच्या पवित्र जागी नीट वागलास, एवढं बरं केलंस. इमारत चांगली असेल. माझ्या लेकीला वाईट काही जमत नाही, हट्टसुद्धा चांगलाच जमतो. पण म्हणून मी काही विरघळत नाही.

तो बाक नक्की किती उंच आहे? सहज विचारते. माझ्या गुडघ्याचं तुला ठाऊक आहे. हे पट्ट्यांचे बूट उभ्यानं निघत नाहीत आणि खाली बसले तर उठवत नाही. म्हणून जिथं बूट काढायचे तिथं मी बाहेरच थांबते.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र बाजूला ठेवू नकोस. मामाला रागावूही नकोस, त्यानं आपणहून तोंड उघडलं नाही. रखवालदारकाका हसत सांगत होते, की एक पाहुणे येऊन गेले. मोजे विकतात, पण स्वतःच्या एका मोज्याला हिरवी पट्टी, दुसऱ्याला नाही आणि अंगठा बाहेर. अशी माणसं एकाच घरात तयार होतात. मी मामाला त्याच्या लॉजवर जाऊन पकडलं.

बाकाचं तू विचारलंस म्हणे. कमिटीला तिथं बुटांची मांडणी हवी होती. मी सांगितलं, की माझी आई सगळीकडे दाराबाहेर थांबते, कारण बूट काढायला बसायला जागा नसते. मग कुणी वाद घातला नाही. प्रत्येकाच्या घरात कुणाचा तरी गुडघा होताच.

कारखान्यातून मी काहीच घेतलं नाही, असं तू म्हणतेस. घेतलंय. तुझ्या यंत्रापुढच्या स्टुलाची उंची निघताना मोजून घेतली होती. बाक तेवढाच आहे.

त्यावर सगळे बसून गेले. तू तेवढी राहिलीस.

तुझीच,
ठकी

ता. २० फेब्रुवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

ताई सुखरूप पोहोचली. स्टेशनपासून ती मला बजावत होती, की आपण फक्त बाक तपासायला आलोय. ठकी दाराशी उभी होती. ताई तिच्याकडे न बघता बाकावर बसली, पट्ट्या सोडल्या, बूट काढले, डोक्यावर पदर घेतला आणि दांडा धरून उठली. कुणाचा हात घेतला नाही. मग लेकीला म्हणाली, की दांडा किंचित हलतोय, उद्या आवळून घे. ठकीला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. तेव्हा ताईनं तिचा हात धरला आणि आत कुठून जायचं ते विचारलं.

आणि भावोजी, ताईच्या पायांत पहिल्या प्रतीचे मोजे होते. मी डोळे चोळून पाहिले. दोन्ही सारखे.

मायलेकी आत उजेडात बसल्या होत्या. रखवालदार नमाजापूर्वी हातपाय धुवायला गेले होते. तेवढ्यात मी त्यांचा करडा जोड, धुऊन घडी केलेला, त्यांच्या कपाटात ठेवला. वर माझ्या नमुन्यांतला सगळ्यात चांगला जोड ठेवला आणि कपाट लावून टाकलं.

तो जोड तुम्ही मालाच्या वहीत नापास म्हणून लिहा. घरच्याच माणसाच्या पायांत गेलाय.

तुमचा,
बाबू